मातीत पुरलेली बनियन

पडेगावला आमची माती तपासायची लॅब आहे. लोक पिशवीत माती घेऊन येतात. रिपोर्ट त्यांच्याबरोबर जातो, किस्सा आमच्याकडंच राहतो. मी आणि जाधव सर, दोघंच असतो. चहाला विषय कमी पडत नाही.

*

एका काकांच्या मातीत सेंद्रिय कर्ब इतका निघाला, की सरांना मशीनवरच संशय आला. शेवटी विचारलं, "काका, माती कुठून उचलली?"

"उकिरड्याशेजारून. तुम्हाला दाखवायची, तर चांगलीच आणणार ना."

*

वाळूजच्या कंपनीतले एक जण गावाकडची माती घेऊन आले. सर म्हणाले, "कार्बन कमी आहे, वाढवा."

ते गोंधळले. "पीयूसीवाला म्हणतो, गाडीचा कार्बन लई हाय, कमी करा. तुम्ही दोघं एकदा बसून ठरवून घ्या."

*

पैठणकडच्या सुशीलाबाईंनी पहिल्यांदाच सोयाबीन पेरलं होतं. उपटलेलं झाड घेऊन आल्या, तेव्हा रडायच्या बेतात होत्या. मुळांवर गाठी दिसत होत्या. शेजारी म्हणाला होता, रोग पडला, सगळं उपटून टाक.

मी ब्लेडनं गाठ कापली. आतून लालसर. "मावशी, यात जिवाणू राहतात. हवेतला नायट्रोजन धरून झाडाला देतात. लाल म्हणजे काम चालू आहे."

त्यांनी डोळे पुसले. "म्या म्हणलं, फुकट खाणारे घुसले घरात. हे तर कमावते निघाले."

*

कडूबा आणि त्यांचा धाकटा भाऊ रंगनाथ यांच्यात वाटणीपासून बोलणं नव्हतं. रानं मात्र बांधाला बांध लागून. कडूबा दरवर्षी कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाट्या पेटवून द्यायचे. रंगनाथ त्या बारीक करून शेणखताबरोबर मातीत घालायचा.

सरांनी दोघांच्या रानात एकेक नवी सुती बनियन पुरायला लावली. माती जिवंत असली, की तिच्यातले जिवाणू कापूस खाऊन टाकतात.

पीक निघाल्यावर गावातल्या लोकांसमोर उकरलं. रंगनाथच्या रानात नुसता शिलाईचा दोरा उरला होता. कडूबांची बनियन अख्खी निघाली.

कडूबांनी ती झटकून वर धरली. "बघा, माझं रान इमानदार हाय. ठेवलेली वस्तू जशीच्या तशी परत देतं."

लोक हसले. रंगनाथ हसला नाही. वाटणीनंतर पहिल्यांदाच थोरल्याकडं बघून बोलला, "दादा, इमानदार नाय ते, उपाशी हाय. उद्या ट्रॉलीभर शेणखत टाकतो."

कडूबा बनियनची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "उद्या कशाला? आज ट्रॅक्टर मोकळाच हाय ना तुझा?"