विरोळ्याच्या पोटातला बेडूक

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. निवृत्तीच्या निरोपसमारंभात केंद्रावरच्या पुष्कळ गमती सांगितल्या, ही गोष्ट सोडून.

त्या सकाळी आम्ही संगोपन तळ्यात जाळं ओढलं आणि हाती चिखल, पाणकिडे आणि माशांची मोजकी पिल्लं आली. पुन्हा ओढलं. तेच. आणि दुपारी जिल्ह्याचे साहेब यायचे होते.

मी मत्स्यव्यवसाय खात्यात होतो, सोलापूरजवळच्या एका मत्स्यबीज केंद्राचा इनचार्ज. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांना आमच्याकडे मत्स्यजिरे म्हणतात, कारण ती जिऱ्याएवढी असतात. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून ती येतात. तळ्यात सोडण्याआधी एक काम चुकवायचं नसतं. पाण्यात उलटे पोहणारे किडे असतात, ते जिऱ्यांचा फडशा पाडतात. म्हणून आदल्या दिवशी पाण्यावर तेल-साबणाचं मिश्रण पसरायचं. श्वास घ्यायला वर आलेले किडे त्या थरात गुदमरतात. वारा असला की थर एका काठाला जातो आणि मेहनत फुकट.

त्या खेपेला पसरायच्या दिवशी वारा होता. मी म्हणालो, उद्या बघू. गाडी मात्र ठरल्याच्या आधी आली. जिरे पिशवीत फार टिकत नाहीत. मी म्हणालो, सोडा.

म्हणजे जिरे कोणी खाल्ले, हे मला जाळं ओढायच्या आधीच माहीत होतं.

आता विरोळ्यांबद्दल. हा पाण्यातला साप. काही जण त्याला दिवड म्हणतात. अंगावर सतरंजीसारखे चौकडे, डोळ्याखाली काजळ ओघळल्यासारख्या दोन काळ्या रेघा. डिवचला की मान चपटी करून उभा राहतो. लोकांना नाग वाटतो आणि तो मार खातो. विष नाही, पण चावतो कडकडून. बेडूक आणि मासे खातो. मादी बांधाच्या बिळात अंडी घालते आणि त्यांना वेटोळं घालून बसते. आमच्या तळ्यावर बरेच विरोळे होते.

तळ्याचा राखणदार भिवा, रोजंदारीवरचा. बायकोसह बांधावरच्या खोलीत राहायचा. गावाकडे घर उरलं नव्हतं. विरोळा त्याला चावला की तो हात पाण्यात बुडवून म्हणायचा, "इख न्हाय साहेब. आमच्या मंडळींवानी हाय, नुसतं चावतंय." आतून बायको म्हणायची, "मग ऱ्हावा की त्याच्याच बिळात."

साहेब आले. तळ्याकडे बघून म्हणाले, "काय झालं हे?"

तेवढ्यात काठाशी एका विरोळ्यानं डोकं वर काढलं. मी म्हणालो, "सर, पिल्लं सापांनी खाल्ली. जाळी लावायचं म्हटलं तर राखणदार लावू देत नाही."

यातलं दुसरं वाक्य खरं होतं. म्हणून पहिलंही खपलं.

साहेब भिवाकडे वळले. "तू राखतोस काय? मासे की साप?"

"साहेब, ते बेडूक खात्यात जास्ती. मासा बी खातंय एखांदा, न्हाय म्हनत न्हाय."

"एखादा? तळं रिकामं आहे." मग मला म्हणाले, "उद्या जाळी लावा. आणि माणूस बदला."

बांधाभोवती नायलॉनची जाळी लागली. साप त्यात शिरतो, खवल्यांमुळे मागे येता येत नाही, सोडवून घ्यायला वळवळतो आणि फास आवळतो. या सापाला कायद्यानं संरक्षण आहे. मारा, असं मी कुणाला म्हटलं नाही. काम जाळीनं केलं.

सकाळी भिवा विळ्याच्या टोकानं एकेक धागा कापत बसला होता. जिवंत होते ते चावत होते. मेलेले शेजारी ओळीनं ठेवले होते.

साहेबांचा फोन आला. "एखादा कापून बघा. पोटात पिल्लं निघतील."

मी सर्वांत मोठा विरोळा कापला. बेडूक निघाला, अर्धा पचलेला. दुसरं काही नाही.

भिवा शेजारीच उकिडवा बसला होता. "बेडूकच की. सांगा आता सायबास्नी."

फोनवर साहेब विचारत होते, "काय निघालं?"

"पचलंय सर. ओळखू येत नाही."

भिवानं माझ्याकडे पाहिलं नाही. विळा पुसला आणि खोलीकडे गेला. दुपारी दोघं नवरा-बायको सामान घेऊन निघाले. चूल तिथंच राहिली.

पुढच्या हंगामात तेल-साबण मी स्वतः उभं राहून वेळेवर पसरलं. बीज उत्तम आलं. साहेब म्हणाले, "बघा, साप गेले आणि तळं सुधारलं." जाळ्यात बेडकांची पिल्लं मात्र बादल्या भरभरून निघायची. ती मी मुकाट्यानं वेचून टाकत होतो.

आमच्या धंद्यातला धडा साधा आहे. तळं रिकामं निघालं, तर आपण काय करायचं राहिलं ते आधी बघावं. साप नंतर.

गेल्या वर्षी वळसंगच्या बाजूला भिवा भेटला. मुद्दाम शोधत गेलो होतो. गावतळ्यावर मासेमारी करतो. माफीचं वाक्य वाटेत पाठ केलं होतं.

"या की साहेब. लई दिसानं." तो जाळ्यातून एक विरोळा सोडवत होता. सापानं मान चपटी केली. भिवा हसला. "तुमास्नी वळखलं जनू त्यानं."

मी हसलो. साप पाण्यात गेला. भिवानं हात धुतले आणि विचारलं, "काय काम काढलं व्हतं?"

"काही नाही. इकडून चाललो होतो."

"मग रिकाम्या हातानं जाऊ नगा." त्यानं टोपलीतला सर्वांत मोठा रोहू पळसाच्या पानांत बांधून दिला.

तो घेऊन मी घरी आलो.