पोपटभावजींची शर्यत

पोपटभावजी माझे चुलत दीर. वय बेचाळीस, रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टची नोकरी, डोळ्यांवर बारा महिने काळा गॉगल. मी पेणला राहते, ते खाडीकाठच्या आमच्या गावी. पण त्यांच्या बढाया ऐकायला गावाला जावं लागत नाही, ते घरी येऊन ऐकवतात.

मुंबईला एकदा त्यांनी मोटारबोटींची शर्यत पाहिली. पाहिली म्हणजे कठड्यावर चढून, गर्दीच्या डोक्यांवरून. परत आले ते मात्र जिंकून आल्यासारखे. "वयनी, ती पान्यावर नसतेच. उडते. जीव इथं येतो," म्हणत गळ्याला हात लावायचे. मग अलिबागकडून एक जुनी फायबरची बोट आणली, तिला नव्वद घोड्यांची मोटार बसवली. घराच्या मागच्या भिंतीला प्लास्टर नव्हतं, ते अजूनही नाही.

एकदा मलाही बसवलं. खोटं कशाला सांगू, नाक वर करून बोट सुटली तेव्हा पदर दातात धरून मीही हसत होते. घरी येऊन खारटलेली साडी धुतली आणि विसरले. भावजींना विसरणं जमलं नाही.

यंदा कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाची शर्यत ठरली. पाच बोटी, धक्क्यापासून आमच्या गावाच्या वळणापर्यंत आणि परत. भर दुपारची, ऐन उधाणाची वेळ भावजींनीच सुचवली. पाणी जास्त तर वेग जास्त, एवढंच त्यांचं गणित. उधाणात बांध पाण्याच्या जेमतेम वीतभर वर राहतो, हे खाडीकाठी जन्मलेल्या माणसाला आठवू नये!

त्यांच्या आईला, बायजाकाकीला, आठवत होतं. मिठागरात आयुष्य गेलेली बाई. वळणावरच्या बांधाच्या आत तिचं भातशेत, दाणा भरलेलं. बांध तिथेच पावसात खचला होता, नवी माती अजून बसली नव्हती. खारं पाणी आत आलं की या वर्षीचं पीक जातंच, पुढची दोन-तीन वर्षंही जमीन काही देत नाही.

"पोपट, वलनावर बांदाजवल हलू जा रं."

"आये, हलू जायचं तर शर्यत कशाला? वल्हवत जातो."

"मंग वल्हवत जा. मी टाल्या वाजवीन."

सगळे हसले, तीही हसली. पण शर्यतीच्या वेळी बांधावर जाऊन उभी राहिली. कोजागिरीला गावी आलेली मी शेजारी.

बोटी आल्या. भावजी दुसरे होते. काकीने दोन्ही हात खाली दाबत हळू, हळू अशी खूण केली. पुढच्याने वळणावर वेग कमी केला. कोण कुठचा, पण त्याला बांध दिसला. भावजींना मोकळी वाट दिसली. त्यांनी आईला हात हलवला आणि बांधाला घासून मोटार पूर्ण वेगात सोडली.

लाट आमच्या पायांवरून आत गेली. पाठोपाठ दुसरी. नवी माती आधी खचली, मग सरकली, आणि बैलगाडी जाईल एवढी खांड पडली. काकी तशीच गावात हाळी द्यायला चालू लागली.

घरटी एक माणूस आला. रात्रीची भरती यायच्या आत खांड बुजवायची होती. तेवढ्यात भावजी करंडक घेऊन बोटीनेच आले आणि बांधावर उभे राहून पेंढा कुठे टाकावा ते सांगू लागले. गॉगल होताच.

ओहोटीबरोबर बाहेर पडणाऱ्या पाण्यात टाकलेली माती वाहून जात होती. काकी म्हणाली, "आडवं कायतरी पायजे. पूर्वी जुनी होडी घालायचे. ती बोट घाला."

"आये, फायबरची हाय ती."

"बरं हाय. कुजायची नाय."

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. "वयनी, सांगा ना हिला."

"लवकर उतरा भावजी, ओहोटी थांबणार नाही," मी म्हटलं.

त्यांना मोटार काढण्यापुरती दहा मिनिटं दिली. मग वीस जणांनी बोट ओढून खांडीत आडवी घातली, चिखलाने भरली. दिवेलागणीला खांड बुजली, रात्रीची भरती बाहेरच राहिली.

"गावासाठी बोट दिली," असं भावजी हल्ली पेणच्या स्टँडवर सांगतात. ऐकणारे मानही डोलावतात.

काकीचा खालचा भात उभा करपला. वरचा तुकडा तेवढा वाचला, त्याच्या कापणीला मी गेले होते. भावजी नव्हते. ते मोटार टेम्पोत घालून दुसरी बोट बघायला गेले होते.