वादळ्याची केप

पुतळा छातीवर वीज मिरवणारा असो की तळहातातून आग सोडणारा, काकूंच्या टेबलावर आला की त्याला आधी खाली बसावं लागायचं. बसला की उठायचं. मग हात वर, मान डावीकडे, मान उजवीकडे. एवढी कवायत करून बगलेत कापड ओढलं गेलं नाही आणि गुडघ्यावर चुणी पडली नाही, तरच काकू त्याला पोशाखापुरता पास करत. जग वाचवायला निघालेला माणूस वाकल्यावर त्याची पँट उसवत असेल तर त्याने आपलं घरीच बसावं, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

काकू कामाला होत्या त्या दुकानात जुने सुपरहिरो विकत घेतले आणि विकले जात. दीड वीत उंचीचे, खऱ्या कापडाचे कपडे घातलेले, आणि हौशी लोक काचेच्या कपाटात जपून ठेवतात तसले. मालक स्वतः त्याच नादातला. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही तेव्हा बायकोने एक तर हे राहतील नाहीतर मी, असं सुनावलं, म्हणून त्याने गाळा भाड्याने घेतला आणि छंदाचा धंदा केला. आलेल्या प्रत्येक पुतळ्याची तपासणी व्हायची. सांधे, डोकं, रंग मालक बघायचा. कपडे फक्त काकू. आतला गडद कपडा अंगाला रंग सोडतोय का, इलॅस्टिक पिवळं पडून तुटायला आलंय का, नकली चामड्याच्या बुटांचे पोपडे निघतायत का, हातमोजा मूळचा की मागाहून कुणी शिवून चढवलाय, हे त्या भिंगाखाली धरून सांगायच्या. आणि एकदा सांगितलं की सांगितलं. गिऱ्हाईक हळहळो, हुज्जत घालो, त्यांचा शब्द फिरत नसे. एक गृहस्थ तर चिडून म्हणाले होते की माझ्या लग्नातसुद्धा माझा कोट कुणी इतका बारकाईने पाहिला नव्हता. काकूंनी शांतपणे सांगितलं की फोटो दाखवा, आत्ता बघते.

हा तोरा त्यांच्यात कुठून आला, याचं उत्तर घरीच होतं. काकूंचे यजमान शिंपी. सगळी पेठ त्यांना मास्तर म्हणायची, आणि काकूही चारचौघांत मास्तरच म्हणत. त्यांच्या दुकानात काज-बटण आणि हातशिलाई काकूंकडे असायची. मास्तर कधी ओरडायचे नाहीत. काकूंनी घातलेली शिलाई पसंत पडली नाही की ते मुकाट्याने ती उसवून कपडा परत त्यांच्या पुढ्यात ठेवायचे, बस. त्या मुकाटपणाचा काकूंना असा काही राग यायचा की विचारू नका. पण नजर तयार झाली ती त्यातूनच.

पुढे लोक तयार कपडे घ्यायला लागले आणि मास्तरांचं दुकान बंद झालं. मशीन घरी आलं, त्यावर चादर पडली, चादरीवर वर्तमानपत्रांचा ढीग. मास्तर दिवसभर खिडकीशी बसायला लागले. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पँटी बघायचे आणि मांडीत झोळ आहे, मांडीत झोळ आहे, असं पुटपुटायचे. काकूंना हे काम मिळालं तेव्हा बाहुल्यांच्या मोठ्या साहेब झाल्या, असं म्हणून ते हसले होते. काकूंनी मनावर घेतलं नाही. त्यांना काळजी निराळीच होती. ज्या माणसाचे हात आयुष्यात कधी रिकामे नव्हते तो आता दुपारी तीनलाच झोपत होता, आणि उठल्यावर पुन्हा केव्हा झोपायचं हे विचारत होता. हे असंच चाललं तर माणूस हातचा जाईल, हे त्यांना कळत होतं.

त्याच सुमारास मालकाने वादळ्याचं काढलं. वादळ्या म्हणजे एका जुन्या मालिकेतला हिरो, राखाडी पोशाख, पाठीवर टाचेपर्यंत लोंबणारी केप. पुतळा भक्कम, पण कारखान्याने केपला कापड असं वापरलं होतं की काही वर्षांत त्याचा भुगा व्हायचा. ज्याच्या त्याच्याकडे वादळ्या उघड्या पाठीने उभा. तेव्हा उत्तम नवी केप शिवून देणारा एक कारागीर कायमचा नेमायचा, असं मालकाने ठरवलं. शिवणाऱ्यांनी मापं न्यायची आणि नमुना पाठवायचा. पाकिटावर नाव नाही, फक्त आकडा, आणि निवड काकूंची.

काकूंनी घरी चहा पिताना हे सहज सांगितल्यासारखं सांगितलं. मास्तर कप ठेवून खिडकीशी जाऊन बसले. काकूंनीही विषय वाढवला नाही, पण आठवड्याभरात मशीनवरची वर्तमानपत्रं खाली आलेली दिसली, तेव्हा त्या शेजारणीकडे जाऊन उगाचच बराच वेळ हसून आल्या.

नमुने आले. काकूंनी तिसरं पाकीट फोडलं आणि त्यांचा हात थबकला. शिलाई संपते तिथे दोन टाके मागे घेतलेले, आणि दोऱ्याचं टोक न कापता दुमडीच्या आत सरकवलेलं. हे टाके त्यांनी डोळे मिटून ओळखले असते. केप देखणी होती. कडेला दुहेरी दुमड, इस्त्री अशी की कड हाताला टोचावी. काकूंनी ती वादळ्याच्या खांद्यावर चढवली. केप पाठीमागे फळीसारखी ताठ उभी राहिली. हात वर केले तर खांद्यावरून कानापर्यंत गेली. त्यांनी आतून बघितलं. मास्तरांनी प्रत्येक शिवणीत चांगली बोटभर माया सोडली होती. गिऱ्हाईक उद्या जाड झालं, पोरगं उंच झालं, तर कपडा सैल करता यावा म्हणून शिंपी आत जादा कापड सोडतो ना, तीच. शिवण कशीही घ्या, हात आपसूक तेवढं सोडत असणार. पण वादळ्या काही जाड होणार नव्हता.

दुसरी एखादी बाई विरघळली असती. काकूंनी केप काढली, घडी केली आणि नापासाच्या खोक्यात टाकली. मग मालकाकडे जाऊन सांगितलं की हे पाकीट आमच्या घरचं आहे, तुम्हीही एकदा बघा, मागून बोल नको. मालकाने केप चढवून पाहिली, मान हलवली. खरं तर एकही नमुना पसंत पडण्याजोगा नव्हता. पुन्हा मागवू या, तो म्हणाला, आणि या वेळी ज्याला हवा त्याला उघडा पुतळा घरी न्यायला देऊ.

काकू घरी गेल्या आणि चपला काढायच्या आत बोलल्या.

"तुमची केप नापास केली मी."

मास्तर खिडकीतून वळलेसुद्धा नाहीत. माझी कशावरून, असं त्यांनी विचारलं. काकूंनी मागे घेतलेले दोन टाके सांगितले. मग माया सांगितली, फळी सांगितली, नमुने पुन्हा मागवणार आहेत आणि पुतळा घरी न्यायला मिळेल तेही सांगितलं, काही हातचं राखलं नाही. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि नंतर चार दिवस त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. काकू बाहेरून ठणठणीत होत्या, पण आतून धास्तावल्या होत्या. आता हा माणूस परत मशीनकडे बघणार नाही, आणि त्याला कारण मी, असं त्यांना वाटत राहिलं. तरी केलं ते चूक केलं, असं मात्र एकदाही वाटलं नाही.

पाचव्या दिवशी शेजारीण सांगत आली की मास्तर खिडकीत बसून एका नागड्या बाहुल्याचं माप घेतायत, जरा बघा हो. काकूंनी बघितलं नाही. मशीनचा आवाज यायला लागला की त्या मुद्दाम भाजी आणायला जायच्या. विचारायचं नाही आणि सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

दुसऱ्या खेपेचे नमुने टेबलावर आले. नावं मालकाच्या खणात. काकूंनी भिंग लावलं आणि एकेक वादळ्या उठवायला बसवायला सुरुवात केली. दोन-तीन सरळ बाद झाले. मग एक केप आली, आणि शिलाईच्या शेवटी मागे घेतलेले दोन टाके, दोरा आत सरकवलेला. माया नव्हती. कापड मऊ होतं. बसवला, उठवला, हात वर केले, सगळं ठीक. मान वळवली आणि गळ्याशी केप ताणली गेली. थोडीशीच. दुसऱ्या कुणाच्या नजरेला आलीही नसती. काकूंनी मान पुन्हा वळवून पाहिली, आणखी एकदा पाहिली. मग ती केप खोक्यात टाकली. या वेळी मात्र त्यांना रडायला आलं, आणि त्या उठून तोंड धुऊन आल्या.

परत येऊन पुढचं पाकीट उघडलं. ही केप कुणाच्या हातची होती देव जाणे. कड दुमडलेलीच नव्हती, बोटांनी वळून हाताने इतकी बारीक शिवली होती की टाका शोधावा लागत होता. खांद्यावर चढवल्याबरोबर ती टाचेपर्यंत पडली आणि गप्प राहिली. मान वळवा, हात वर करा, पालथा घाला, जागची हलेना. काकूंनी असा हात पूर्वी पाहिला नव्हता. त्यांनी पुतळा उचलून मालकापुढे ठेवला आणि काम याला द्या, म्हणून सांगितलं. ज्याचा कुणाचा असेल त्याला.

मालकाने खण उघडून नाव वाचलं, मग काकूंकडे पाहिलं.

"काकू, हे मास्तर आहेत."

काकूंनी कागद त्याच्या हातातून ओढून घेतला. मग खोक्यातली ती गळ्याशी ताणणारी केप कुणाची, ते बघायला लावलं. ती निघाली गावाच्या दुसऱ्या टोकाला दुकान असलेल्या एकाची, जो कोवळ्या वयात मास्तरांकडेच शिकून गेला होता. टाके तिथून आले होते. काकूंना आनंद झाला, मनापासून झाला, आणि तरी कुठेतरी लागलं. इतक्या वर्षांचा संसार आणि नवऱ्याचा हात आपल्याला ओळखू आला नाही.

घरी मास्तर मशीनला तेल घालत होते. काकू त्यांच्यासमोर स्टुलावर बसल्या. काम तुम्हाला मिळालं, हे सांगितलं. मास्तरांनी मान डोलावली, जणू भाजीचा भाव ऐकला.

"पण मला ओळखू कशी आली नाही?" काकूंनी विचारलं. "पहिली तर पाकीट फोडल्याबरोबर ओळखली होती."

मास्तरांनी चिंधीने तेलाचा थेंब पुसला.

"पहिली तू ओळखावीस म्हणून शिवली होती," ते म्हणाले. "ही वादळ्याला बसावी म्हणून शिवली."

काकूंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. माणूस हाताशी आला होता, आता जाणार नव्हता. मास्तरांनी पुढच्या केपा कधीपर्यंत हव्यात, असं विचारलं.

"सोमवारपर्यंत," काकू म्हणाल्या. "आणि आधी माझ्या टेबलावर यायच्या आहेत, एवढं ध्यानात असू द्या."