रंगवलेला चिखल

अनंता गेल्यावर महिन्याभराने त्याच्या घरी गेलो. वहिनी काचेच्या कपाटातल्या शर्यतीच्या गाड्यांच्या त्याच्या चिमुकल्या प्रतिकृती ओल्या फडक्याने पुसत होत्या.

"भावजी, हा चिखल निघतच नाही हो."

"तो त्यानेच रंगवलाय, वहिनी. चोवीस तासांच्या शर्यतीनंतर खरी गाडी दिसते तसा. जुने फोटो बघून."

त्यांचा हात थांबला. "कुठली शर्यत? कोण चालवत होतं?"

मला सांगता येईना. प्रत्येक गाडीचा इतिहास त्याने वर्षानुवर्षे खणून काढला होता. कागदावर काही उतरवलं नाही. "तू आहेस ना," म्हणायचा. दर रविवारी तो सांगत राहिला आणि मी चहा पीत नुसती मान हलवत राहिलो.

"एखादीचं तरी आठवतं का?" वहिनींनी विचारलं.

एकीचंही आठवत नव्हतं.