मशीनचा ताप पाहणारे भाऊ

भाऊ मशीनला पालथा हात लावायचे, आई आजारी लेकराच्या कपाळाला लावते तसा. मग मालकाकडे वळून शांतपणे म्हणायचे, "याले ताप हाय, शेठ."

मलकापूरच्या आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी कारकून. ते फिटर, आणि वर युनियनचे पुढारी. पुढारी म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांसमोर वळलेली मूठ आली असेल. भाऊंच्या मुठीत पान्याशिवाय काही असल्याचं मला आठवत नाही.

शेठजींचं ऐकाल तर मात्र या माणसाने अख्ख्या तालुक्याची औद्योगिक प्रगती एकट्याने रोखून धरली होती. नवीन मशीन का नाही? युनियन. छप्पर का गळतं? युनियन. मधल्या काळात हायवेवरचं शेठजींचं लॉज तीन मजली झालं. तिकडे बहुधा युनियनचं लक्ष गेलं नसावं.

एकदा सुरतेहून भागीदार आले. पैसे घालायला तयार होते. शेठजींनी गेटवरच्या युनियनच्या पाटीकडे बोट दाखवून असा उसासा सोडला की मलाही गलबलून आलं. पण भागीदार चौकस निघाले. त्यांनी भाऊंनाच बोलावून मागण्या विचारल्या.

"एकच हाय," भाऊ म्हणाले. "नवीन मशीन घ्या. याचं बेअरिंग तापून राह्यलं. रुईत ठिणगी पडली त तुमचं जिनिंग अन् आमची भाकर संगच जाईन."

"आणि पगारवाढ?"

"थे मंग. जिनिंगच जळालं त पगार कोनाले मांगू?"

भागीदारांनी शेठजींकडे पाहिलं. शेठजींनी छताच्या पंख्याकडे. जिथे मशीनची काळजी फक्त मजुराला आहे, तिथे पैसे कशाला घालायचे, असं पुटपुटत भागीदार संध्याकाळच्या गाडीने परत गेले.

"पाहिलं ना बाबूजी?" शेठजी मला म्हणाले. "युनियनने आलेला पैसा घालवला."

भाऊ निवृत्त झाले त्या दिवशी सगळ्यांना नमस्कार करून पुन्हा आत गेले, मशीनवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. नंतर उंद्रीला लेकीकडे गेले आणि तिथेच वारले. त्यांच्यामागे युनियन मोडली. मशीन तेच आहे. गेटवरची पाटी मात्र शेठजींनी दिवाळीला स्वखर्चाने रंगवून घेतली.

परवा पैसे घालू पाहणारे नवे पाहुणे आले. मशीनपाशी उभं राहून शेठजी त्यांना दारातून गेटवरची पाटी दाखवत होते. माझा पालथा हात सहज मशीनला लागला आणि चटका बसला.

"शेठ, याले ताप हाय," मी म्हणालो.

शेठजी दचकले. मग पाहुण्यांच्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "पाहा, हाच तो युनियनवाला."