भोजन समितीतले बाबा

रायपूर राजधानी झाल्यापासून आमच्या शहरात साधं म्हणून काही होईनासं झालं होतं. चार लोकांनी सतरंजी टाकली की मागे 'राष्ट्रीय' असा बॅनर लागलाच. त्यामुळे गुढियारीच्या एका सामुदायिक भवनात डाव्या कार्यकर्त्यांचा तीन दिवसांचा आंतरराष्ट्रीय मेळावा भरणार हे ऐकून मी आधी हसले. पण पाहुणे खरंच नेपाळपासून ब्राझीलपर्यंतचे येणार होते, आणि माझ्या बाबांना तिथं निबंध वाचायला बोलावलं होतं. मग घरात हसायची सोय उरली नाही.

बाबा रेल्वेच्या मालखात्यात कारकून होते आणि जन्मभर युनियनचे. निवेदनं त्यांनी लिहिली, ठराव त्यांनी लिहिले, पुढाऱ्यांची भाषणंसुद्धा त्यांनीच लिहून दिली. माइक मात्र त्यांच्या हातात कुणी दिला नाही. निवृत्तीनंतर आता पहिल्यांदा पाच मिनिटं त्यांच्या स्वतःच्या नावावर मिळाली होती. ती पाच मिनिटं ते महिनाभर उराशी धरून बसले होते. कागद कुणाला दाखवत नव्हते, आईला तर मुळीच नाही.

विषय त्यांनी स्वतः निवडला होता: 'स्त्रियांचे घरातील श्रम'. ऐकून माझं डोकंच फिरलं. ज्या माणसाला आपल्याच घरातला साखरेचा डबा सापडत नाही, त्यानं या विषयावर परदेशी पाहुण्यांसमोर बोलायचं! मी आईकडे तक्रार केली. ती म्हणाली, "बोलू दे ना वं त्यायले. बोलल्यानं कोणाचं काय जाते?"

मेळाव्याचा फॉर्म आला, त्यात 'सहकुटुंब यावे' असं लिहिलं होतं आणि प्रत्येकानं एकेका समितीत नाव द्यायचं होतं. बाबांनी क्षणाचाही विचार न करता भोजन समिती निवडली. युनियनमधल्या त्यांच्या अनुभवाप्रमाणे समिती म्हणजे तीन बैठका, चहा, थोडं भांडण, एक आचारी नक्की करणं आणि शेवटी भाजीत मीठ बरोबर आहे की नाही हे चमच्यानं पाहणं. मला मंच समितीत टाकलं, म्हणजे पाच मिनिटं झाली की घंटी वाजवायची. आईचा फॉर्म मीच भरला. "कोणत्या समितीत?" विचारलं तर म्हणाली, "मी ऐकाले येऊन राहिली. काम करायचं असतं तर घरीच नसती राहिली?"

पहिल्या दिवशी कळलं की आचारी बोलावलेलाच नाही. इथं समिती म्हणजे काम. भोजन समितीनं रांधायचं, सफाई समितीनं झाडायचं, आणि त्यावर एकही बैठक नाही! बाबांना हा मोठाच विश्वासघात वाटला. त्यांनी स्वयंपाकघरात 'कामाच्या वाटपासंबंधी काही मुद्दे' मांडून पाहिले. तिथली मुख्य होती भनपुरीच्या कारखान्यात काम करणारी एक धिप्पाड दीदी. तिनं मुद्दे शांतपणे ऐकले आणि त्यांच्यासमोर कांद्यांची टोपली सरकवली. संध्याकाळी बाबा लाल डोळ्यांनी घरी आले. कुणाला वाटावं, परिषदेत हृदयद्रावक चर्चा झाली असेल.

आई तिकडे मजेत होती. आयुष्यात पहिल्यांदा ती खुर्चीवर बसली होती आणि लोक तिला पाणी आणून देत होते. कानाला हेडफोन लावलेला, त्यातून हिंदी भाषांतर. शेजारी ब्राझीलची एक पिकल्या केसांची बाई. दोघींना एकमेकींच्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं, पण दुपारपर्यंत गुडघ्यांबद्दल त्यांचं सविस्तर बोलणं झालं होतं. जेवताना तर बाबांनीच तिला वाढलं. पळी हातात धरण्याची त्यांची पद्धत पाहून आई म्हणाली, "सांडू नका," आणि आणखी भात मागितला.

दुसऱ्या दिवशी बाबांचा निबंध जेवणाच्या आधी होता. आणि त्याच वेळी पुऱ्या. सकाळी त्यांनी कागद माझ्या हातात दिले. "पोट्टी, सांभाळ. तिकडे तेल लागते." इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, त्यावर कुणीतरी फुलाफुलांचा एप्रन बांधून दिला होता. मला हसू आलं आणि थोडी दयाही आली.

अकराच्या सुमाराला स्वयंपाकघरातून चिठ्ठी आली: 'आईला माझ्या जागी पाठव. तातडीचे.' मी डोकावून पाहिलं. बाबा पोळपाटासमोर उभे होते. त्यांची प्रत्येक पुरी वेगळ्या आकाराची होती, पण फुगत होती. मला पाहून ते दीदीला म्हणाले, "दीदी, मेरा भाषण है."

"हव भैया, भाषण घलो होही, पहिली पुडी बेलव," दीदी छत्तीसगढीत म्हणाली, म्हणजे भाषणही होईल, आधी पुऱ्या लाटा. जायचं तर बदली माणूस द्या, असा तिचा नियम होता, आणि तो सगळ्यांना सारखा होता. बाबांना यात हरकत घेण्यासारखं काही सापडेना, हेच त्यांचं दुःख होतं.

मी आईजवळ जाऊन चिठ्ठी वाचून दाखवली. तिनं हेडफोन काढला. सवयीनं तिचे पाय खुर्चीखाली चपला शोधायला लागले. एक चप्पल सापडलीही. मग ती थांबली. मंचावर ब्राझीलची ती बाई त्यांच्या वस्तीतल्या सामाईक स्वयंपाकघराबद्दल सांगत होती.

"नाही म्हण त्यायले," आई म्हणाली. "मी ऐकून राहिली."

आईच्या तोंडून बाबांसाठी 'नाही' मी तोवर ऐकलं नव्हतं. हा निरोप मलाच पोचवावा लागला. बाबांनी तो ऐकला, दाराकडे पाहिलं, आणि पुढची लाटी घेतली. माझं मन कळवळलं. एकदाच मिळालेली पाच मिनिटं माणूस पिठात घालवत होता, आणि तरी मला आईचा राग येत नव्हता.

त्यांचं नाव पुकारलं गेलं. कुणी उठलं नाही. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, कारण कागद माझ्या हातात होते. घंटी शेजारच्याला देऊन मी माइकसमोर उभी राहिले आणि वाचायला लागले. हिंदी भारदस्त होती, ठरावासारखी. पहिलं पान आकडे-बिकडे नसलेल्या पण तशाच कोरड्या वाक्यांचं. दुसऱ्या पानावर 'एका स्त्रीचे उदाहरण' आलं.

ती स्त्री पहाटे साडेचारला उठते. सगळ्यांना बसवून चहा देते आणि पातेल्यात उरलेला स्वतः उभ्यानं पिते. कंबर दुखते तेव्हा भिंतीला टेकून कणीक मळते, म्हणजे कुणाला कळत नाही. कालची पोळी आपल्या ताटात खाली ठेवते आणि वर ताजी ठेवते. दुपारी डोळा लागला तर दारावरच्या आवाजानं दचकून उठते आणि आपण झोपलोच नव्हतो असं सांगते.

कालच्या पोळीचं मला माहीत नव्हतं. मी त्या घरात लहानाची मोठी झाले आणि मला माहीत नव्हतं.

वाचून झालं. टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी प्रश्न विचारायला सांगितलं, तर आईचा हात वर. तिच्याकडे माइक गेला. ती उभी राहिली, पदर सावरला, आणि सरळ मराठीतच सुरू झाली.

"लिहिलं बरोबर आहे. एक बी गोष्ट खोटी नाही. पण यायले हे सारं दिसत होतं, तर इतक्या वर्षांत मले एकदा बी म्हटलं काहून नाही? मले वाटलं, यायच्या ध्यानातच नाही."

दुभाषी तरुणीनं आधी मोठा श्वास घेतला, मग हिंदीत सांगितलं, मग इंग्रजीत. पलीकडे कुणीतरी पोर्तुगीजमध्ये कुजबुजलं. सगळ्या माना स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या. बाबा तिथं उभे होते, कोपरापर्यंत पीठ. कधीपासून उभे होते कोण जाणे. हात भरलेले म्हणून कार्यकर्त्यानं माइक त्यांच्या तोंडासमोर धरला. जन्मभर वाट पाहिलेला माइक.

"अध्यक्ष महोदय," बाबांनी सुरुवात केली आणि अडकले. मग अध्यक्षांना सोडून त्यांनी आईकडे पाहिलं.

"चुकलं माह्यं," ते म्हणाले.

दुभाषी तरुणी बोलली. कुजबूज शेवटच्या रांगेपर्यंत गेली आणि थांबली. आई अजून उभीच होती. तिनं त्या मुलीला विचारलं, "सगळ्यायच्या भाषेत सांगितलं का, बाई?"

"हव, मौसी. सबको बता दिया."

"बरं," म्हणून आई खाली बसली.