कोठीतली लाल बाजरी

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. खरं सांगते, रडू यायच्या आधी मनात आलं, मामीच्या कोठीतली लाल बाजरी संपली असेल का...

मामा निमगाव सावाचा. सगळी नोकरी सरकारी प्रयोगशाळेत झाली, पण काम काय, हे मामीलाही ठाऊक नव्हतं. महिना महिना गायब असायचा. लेकीच्या जन्मालाही नव्हता. निवृत्त होऊन गावी आल्यावर मामीनं एकदा बाजरी निवडता निवडता विचारलं, "आता तरी सांगा की. कशापायी आमी एकटं ऱ्हायलो?"

मामानं तिच्या सुपातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाला, "आकडे इचारू नको. बाकीचं पुस्तकात छापलंय." जमिनीखाली खोल अणुचाचणीचा स्फोट होतो, खडक वितळून काचेसारखा होतो. आत जाऊन कोण बघणार? वर येतो हरभऱ्याएवढा तुकडा. म्हणून स्फोटाआधीच तिथं एक किरणोत्सारी पदार्थ मोजून ठेवायचा. त्यातला किती तुकड्यात आला, हे कळलं की तो तुकडा सगळ्याचा कितवा हिस्सा ते कळतं... आणि त्यावरून स्फोट केवढा होता तेही.

"हरबऱ्यावरनं डोंगर?" मामीला पटेना.

तेव्हा पठ्ठ्यानं तिला, किती ते आपल्याला न सांगता, कोठीत बाजरी भरायला लावली. मोजून मोहरी मिसळली, वाटीभर काढली, आणि अंदाज पार फसला! मामी हसून बेजार. बारीक मोहरी तळाशी गेली होती. "आमी बी सुरवातीला असंच चुकलो," मामा खुशीत म्हणाला, "खुणेचा दाना बाजरीचाच पायजे, न्हाईतर सारखा मिसळत न्हाई." मोहरी चाळून काढली. मूठभर बाजरी खायच्या रंगात रंगवून, वाळवून, दाणे मोजून मिसळली. वाटीतले लाल दाणे मोजून तो म्हणाला, "तेवीस किलो." मामीनं तोलली. तेवीसला जराशी कमी! मामी त्या वाटीकडे बघतच राहिली. "लई मोठं काम केलंत वो," एवढंच म्हणाली.

तेव्हापासून त्या घरच्या भाकरीवर लाल ठिपके यायचे. मामी कोठी कधी तळापर्यंत रिकामी करत नाही, जुन्यावरच नवी बाजरी ओतते. ठिपके विरळ होत गेले.

परवा, मामा जाऊन महिना झाल्यावर, तिच्याकडे जेवायला बसले. माझ्या भाकरीवर एकही ठिपका नव्हता. मामीनं आपली भाकरी फिरवून फिरवून पाहिली आणि कडेला एका जागी बोट ठेवलं.

"एवढ्यावरनं समदं कळतं, असं म्हनायचे," ती म्हणाली, आणि तेवढा तुकडा मोडून शेवटच्या घासासाठी बाजूला ठेवला.